चार वाजायच्या आत जागा हवी

रविवारी दुपारी लॉन्ड्रीचं शटर खाली ओढून वहिनी मागच्या खोलीत आल्या, तेव्हा हात कोपरापर्यंत स्वच्छ धुतलेले होते आणि डोक्यात एकच आकडा घोळत होता. चार.

चार वाजता रॅलीची निवड फेरी होती. कॉम्प्युटरवरची रॅली, पण नियम खऱ्या रॅलीच्या वरताण. जोडीतले दोघेही ठरल्या मिनिटाला रेषेवर हजर नसतील तर जोडी बाद, आणि तीही अख्ख्या सीझनसाठी. जोडीत गाडी चालवायची वहिनींच्या नणंदेने, जी तीन तासांच्या अंतरावर दुसऱ्या शहरात राहत होती. वहिनींनी तिच्या शेजारच्या सीटवर बसायचं, म्हणजे आपल्याच घरी बसून, आणि पुढचं वळण कसं आहे ते वाचून दाखवायचं.

वन्संनी तीस वर्षं रुग्णवाहिका चालवली होती. गेल्या वर्षी निवृत्त झाल्या आणि एकदम मिटल्या. फोन केला की "बरं आहे" याच्या पुढे गाडी सरकेना. वहिनींची लेक नोकरीसाठी दूर गेली तेव्हा तिचा गेमिंगचा कॉम्प्युटर न्यायला जड म्हणून इथेच राहिला होता. वहिनींनी त्याच्यावर हा खेळ शोधून काढला, वन्संच्या मागे लागून त्यांना स्टिअरिंग घ्यायला लावलं, आणि पहिल्याच रविवारी हेडफोनमधून तो जुना आवाज आला, "वहिनी, झोपलीस की काय? पुढे काय आहे ते सांग." त्या दिवशी वहिनींनी डोळे पुसले, पण आधी माइक बंद केला.

आता नव्या सीझनचे ट्रॅक आले होते आणि ते मावायला कॉम्प्युटरमध्ये जागा नव्हती. लेकीचे फोटो, तिचे अर्धवट सोडलेले व्हिडिओ, तिने खेळांत बांधलेली कसली कसली गावं, यातलं काही पुसायचं नाही हे वहिनींनी स्वतःशी पक्कं केलेलं. म्हणून नवी एसएसडी, म्हणजे जास्तीची एक डिस्क, मागवली होती. ती यायला शनिवार उजाडला, आणि शनिवारी लॉन्ड्रीत मान वर करायला फुरसत नसते.

"एवढीशी?" पाकीट उघडल्यावर यजमान म्हणाले. "शर्टाच्या कॉलरमध्ये घालतात ती पट्टी याच्यापेक्षा जाड असते."

"तिच्यात लेकीसारखी दहा पोरं मावतील. अंगातला स्वेटर काढा आधी."

"का?"

"नायलॉनचा आहे."

पुढचं सांगावं लागलं नाही. कोरड्या हवेत नायलॉनच्या कपड्यांचा ढीग उपसताना बोटाला विजेचा जो चटका बसतो, तो लॉन्ड्रीवाल्यांना नवा नसतो, आणि तोच चटका या चिपांना बसला तर त्या जातात. यजमानांनी निमूटपणे सुती बनियनवर येऊन उजेडासाठी बॅटरी हातात धरली. वहिनींनी मेनचं बटण बंद केलं, वायर काढली, कॅबिनेट आडवं केलं आणि बाजूची काच दोन्ही हातांनी अलगद उचलून पलंगावर ठेवली.

शिकवणारा व्हिडिओ त्यांनी अकरा वेळा पाहिला होता. नवी डिस्क त्यांनी दोन बोटांत कडेने धरली. रेशमावरचा जुना डाग काढताना कापड त्या असंच धरतात.

"ही बघा खाच. ग्राफिक्स कार्डाच्या खाली. इथे तिरकी घालायची."

"तिरकी? सरळ नाही?"

"तिरकी जाते, मग उभीच राहते. ती दाबून स्क्रूने आडवी करायची. घाबरायचं नाही."

"मी कुठे घाबरलोय?"

"बॅटरी हलतेय."

डिस्क तिरकी गेली, आत बसल्याचं बोटाला कळलं, स्क्रू फिरला. त्यावर बसवायची एक धातूची पट्टी होती. डिस्क तापू नये म्हणून ती उष्णता ओढून घेते. तिच्या पोटाला राखाडी रंगाची मऊ गादी चिकटवलेली, आणि गादीवर निळसर प्लास्टिकचा पातळ कागद. व्हिडिओतल्या कॉम्प्युटरला अशी पट्टी नव्हतीच, त्यामुळे तो माणूस याबद्दल अवाक्षर बोलला नव्हता.

"कव्हर किती व्यवस्थित लावलंय बघ," यजमान कौतुकाने म्हणाले.

"राहू दे तसंच. धूळ बसणार नाही."

यात दोघांनाही काही वावगं वाटलं नाही. त्यांच्या दुकानातून कपडा कव्हरशिवाय कधी बाहेर पडला नव्हता. घरातल्या रिमोटला कव्हर, फ्रिजच्या दाराला कव्हर, सात वर्षांच्या गाडीच्या सीटांना कारखान्यातून आलेलं प्लास्टिक. पट्टी कव्हरसकट बसली.

दोन वाजून दहा मिनिटांनी कॉम्प्युटर सुरू झाला. नवी डिस्क आधी दिसेना. वहिनींनी यादी उघडली, आकारावरून नवी कोणती ते तीनदा ताडून पाहिलं आणि मगच ती वापरायला तयार करायचं बटण दाबलं. चुकून जुन्या डिस्कवर बोट पडलं असतं तर लेकीचं सगळं पुसलं गेलं असतं. मग एकदम ती अवतरली. कोरी करकरीत, एवढी मोठी मोकळी जागा.

"आली," त्या म्हणाल्या, आणि यजमानांच्या बनियनवर एक जोरदार थाप पडली.

आता खेळ जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर हलवायचा आणि मग नवे ट्रॅक उतरवून घ्यायचे. खेळ धावत निघाला. बारा मिनिटं शिल्लक, मग नऊ. साठ टक्क्यांवर त्याचा पाय अडखळला. वीस मिनिटं शिल्लक. पन्नास. मग एक तास पंचावन्न मिनिटं.

लेकीने स्क्रीनच्या कोपऱ्यात तापमान दाखवणारी चौकट लावून ठेवलेली. तिच्यात नव्या डिस्कपुढचा आकडा लाल झाला होता. शहाऐंशी.

वन्संचा फोन आला. "मी हातमोजे घालून बसलेय. तू कुठेयस?"

"वन्सं, डिस्क तापलीये. चालेनाशी झालीये."

"किती वाजले?"

"दोन पन्नास. हे असंच चाललं तर पाच होतील."

वन्सं एकदम कोरड्या, कामाच्या आवाजात म्हणाल्या, "रडायला वेळ नाहीये. इंजिन तापलं की आधी बॉनेट उघडायचं. वारा लागतोय का तिला?"

"वर पट्टी आहे ना थंड ठेवायला. नीट बसवलीये, कव्हरसुद्धा तसंच..."

वहिनी वाक्याच्या मध्येच थांबल्या. इस्त्रीखालून काढलेला गरम कोट यजमान घाईने कव्हरमध्ये कोंबतात, आत वाफ धरते, कोट दमट होतो, आणि दर आठवड्याला त्या ओरडतात की गरम कपड्याला कव्हर घालू नका हो. सत्तावीस वर्षं ओरडतायत.

"अहो," त्या यजमानांकडे वळल्या. "आपण गरम कोटाला कव्हर घातलंय."

यजमानांना कळायला दोन सेकंद लागले. फोनवर वन्संना त्याहून कमी लागले. "दादा," त्या म्हणाल्या, "तुझ्या गाडीत बसलं की उन्हाळ्यात पाठ सोलून निघते, ते मी आजवर सहन केलं. हे नाही करणार. काढ ते."

हलवणं थांबवलं, कॉम्प्युटर बंद केला, वायर काढली. वहिनींनी पट्टी सोडवली आणि यजमानांसमोर धरली. "तुम्हीच काढा."

त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा नव्या वस्तूचं प्लास्टिक सोललं. निळा कागद सर्रकन निघाला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की वहिनींना वाटलं, यांना आता फ्रिजपासून आवरावं लागणार.

"मजा येते गं," ते म्हणाले. "हे ठेवू का?"

"फेका."

तीन वीसला खेळ जिथे थांबला होता तिथून पुन्हा निघाला. आकडा पन्नासच्या आसपास चढला आणि तिथेच टेकला. सत्तर टक्के, ब्याऐंशी, शंभर. मग नवे ट्रॅक उतरायला लागले. यजमान उभ्यानेच टक्के मोजत होते, दर टक्क्याला आवाज चढत होता, आणि फोनवरून वन्सं त्यांना "दादा, बस खाली, तुझ्याने नाही पळत ते" असं सांगत होत्या. तीन अठ्ठावन्नला वहिनींनी हेडफोन चढवले. स्क्रीन काळी झाली, उजळली, आणि समोर खडीचा रस्ता, दोन्हीकडे उंच झाडं, कडेला त्यांची जुनीच पांढरी गाडी.

वरच्या कोपऱ्यात दोन दिवे होते. वन्संचा हिरवा. वहिनींचा पिवळा. मग तोही हिरवा.

"आलीस," वन्सं म्हणाल्या.

"आले."

"वाच."

चार वाजले आणि गाडी सुटली. "शंभर मीटर सरळ. मग उजवी, पुढे आवळत जाते. बाहेर दगड." वन्संकडून गिअरचा आवाज येत होता. "टेकाडावरून उडी. लगेच डावी." तिसऱ्या वळणाला वहिनी एक श्वास उशिरा बोलल्या. गाडीचा मागचा भाग झाडाला घासला, दार लोंबायला लागलं, आणि पुढच्या वळणाची ओळ डोळ्यांपुढे असूनही त्या लोंबणाऱ्या दाराकडेच बघत राहिल्या.

"दार गेलं तर गेलं," वन्सं शांतपणे म्हणाल्या. "मी त्याहून वाईट गाड्या वेळेत पोचवल्यात. तू फक्त बोलत राहा."

वहिनी बोलत राहिल्या. उजवी, डावी, पूल, चिखल, लांबलचक डावी, जिच्यावर वन्संनी ब्रेकला पायच लावला नाही. यजमान खुर्चीची पाठ घट्ट धरून मागे उभे होते आणि वळणागणिक आपणही कलत होते.

रेषा ओलांडली तेव्हा फलकावर नावं वरखाली होत राहिली. एकतीस जोड्या. पुढच्या फेरीत बारा. वहिनींनी वरून शोधायला सुरुवात केली, सातव्यापर्यंत सापडेना, नवव्यापर्यंत सापडेना. अकरावं.

"अकरावं," त्या म्हणाल्या. "वन्सं, अकरावं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज, आणि माइक बंद झाल्याचा बारीकसा टक्. थोड्या वेळाने पुन्हा टक् झालं.

"पुढच्या फेरीत पाऊस आहे म्हणे," वन्सं म्हणाल्या. आवाज जरासा जाड झाला होता. "बुधवारी सरावाला बसू या. आणि ती तिसऱ्या वळणाची ओळ आधी वाचायची, वहिनी. मी आता निवृत्त बाई नाहीये, मला वेळ नसतो."