दोन अक्षरं आणि टॅब

जिन्यावरून पडले तेव्हा हातात जेवणाचा डबा होता. डबा वाचवला आणि उजवं मनगट मोडून घेतलं. सहा आठवडे प्लास्टर! "वेबसाइट बनवणं म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ," असं मी ऑफिसात येताजाता ऐकवायची. आता खरोखरच डावा हात तेवढा उरला होता, आणि त्याने एक कंस उघडून बंद करेपर्यंत चहा गार होत होता.

साहेबांनी स्पष्टच सांगितलं, "दवाखान्याच्या साइटवरचा नंबर लावायचा नवा फॉर्म शुक्रवारी सुरू झालाच पाहिजे. जमत नसेल तर ती साइट दुसऱ्या टीमला देऊ. कायमची."

आठ वर्षं ती साइट मी लेकरासारखी सांभाळलेली. "जमेल," म्हणाले. पडले तरी नाक वर, ते हे असं.

सोमवार गेला, मंगळवार गेला, फॉर्म अर्धाही झाला नाही. मंगळवारी घरी आल्यावर नवऱ्यासमोर चक्क रडले. तो म्हणाला, "अगं, कुणाची तरी मदत घे ना." घेणार कुणाची? शेजारच्या टेबलावर बसायचे ते 'गोगलगाय'. हे नाव मीच ठेवलेलं. वय माझ्याएवढंच, पण आधी शाळेत भूगोल शिकवायचे आणि या कामात उशिरा आलेले. त्यांचा कोड तपासायचं काम माझ्याकडे, त्यामुळे शेरे मारायचंही.

बुधवारी सकाळी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "ताई, तुम्ही कोड लिहिता त्या एडिटरमध्ये एक फाइल टाकू का? दोन अक्षरं लिहायची, टॅबचं बटण दाबायचं. बाकीचा मजकूर आपोआप उमटतो."

"आयत्या पिठावर रेघोट्या ओढायची सवय नाही मला," मी फणकारले.

"पीठ आयतं नाही, ताई. तुमचंच आहे."

दोन रात्री घरी बसून त्यांनी माझा आठ वर्षांचा कोड चाळला होता आणि मी पुन्हा पुन्हा काय लिहिते ते वेचून काढलं होतं. सोबत मास्तरी अक्षरातला एक कागद. 'फॉर' लिहून टॅब दाबला, तर अख्खा फॉर्म समोर! रकान्यांची नावंसुद्धा माझ्या सवयीची. 'मोबा' म्हणजे मोबाइलच्या छोट्या पडद्यासाठी लागणारे नियम. 'अड' म्हणजे अडकलेला सर्व्हर बंद करून परत सुरू करणारी ओळ, जी मी आठवड्यातून चारदा शिव्या घालत लिहायची.

कागदावर सगळ्यात खाली होतं 'शेरा'. दाबून बघितलं. उमटलं, "हे काय लिहिलंय? पुन्हा करा."

"हा शेरा माझ्या कोडमध्ये एकशे बारा वेळा सापडला," ते म्हणाले. "म्हटलं, हाही लागेल तुम्हाला."

टोमणा असता तर मी सव्याज परत केला असता. पण चेहरा सरळ, नकाशावर नदी दाखवताना असेल तसा. मी आधी खो खो हसले, मग मान वर करवेना. एवढी लाज मला उभ्या जन्मात वाटली नव्हती.

शुक्रवारी बाराच्या आत फॉर्म सुरू झाला. दहा मिनिटांत पहिल्या पेशंटने नंबर लावला. साहेब म्हणाले, "साइट तुमच्याकडेच राहू द्या."

दुपारी गोगलगायींचा कोड तपासायला आला. वरपासून खालपर्यंत वाचला. स्वच्छ होता, कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. खरं तर याआधीही बऱ्याचदा तसाच असायचा, आणि तेव्हा मी काहीही न लिहिता पुढे जायची.

शेरा लिहायचा म्हणून त्यांचा तो यादीचा कागद जवळ ओढला. यादी दोनदा बघितली. कौतुकासाठी दोन अक्षरं कुठेच नव्हती. कशी असतील? मी जे लिहीत आले, तेवढंच त्यांना सापडलं होतं.

मग डाव्या हाताने एकेक अक्षर शोधत लिहिलं, "उत्तम लिहिलंय. माझं काम माझ्याकडे राहिलं ते तुमच्यामुळे. मनापासून आभार."

एवढ्याला सात मिनिटं लागली. शेजारच्या टेबलावर ते शांत बसून होते, मला घाई न करता.