पुढचा सेन्सर

"काही नाही, विकायची आहे. एकदा नीट बघून घे, घेणाऱ्याला बोलायला जागा नको," ताई गाडीतून उतरता उतरताच म्हणाली. तिने कपाळ दाबून धरलं होतं. ड्रायव्हरच्या बाजूने दाजी उतरले आणि टपाला धरून उभे राहिले. तीस वर्षं टॅक्सी चालवलेला माणूस, पण स्वतःच्याच गाडीतून पाहुण्यासारखा उतरला.

"विकायची? का बरं?"

"का म्हणजे? दहा दिवसांपूर्वी गाडी घेऊन येताना घराची गल्ली चुकले. त्याआधी पॅसेंजर घेऊन सिग्नलला थांबले ते थांबलेच. मागचे हॉर्न वाजवून दमले आणि हे आपले बघत बसलेत."

"वय झालं, डॉक्टर," दाजी हसून म्हणाले. मी गाड्यांना स्कॅनर लावतो म्हणून त्यांनी माझं बारसं केलंय. "आठ दिवस घरी होतो, तर डोकं एकदम शांत. आज स्टिअरिंगला हात लावला आणि पुन्हा ठणकायला लागलं. शरीरच सांगतंय, बाबा रे, बस कर."

मलाही ते पटलं. खोटं कशाला बोलू, ती सकाळपासूनची सातवी गाडी होती, पाठ मोडून आली होती आणि मला नुसतं बसायचं होतं. स्कॅनर लावला. एकही दोष नाही. दिसणार कसा? दोन वर्षांपूर्वी मीच त्याचं तोंड बंद केलं होतं.

त्याचं असं आहे. धुराच्या पाइपात धूर साफ करणारा एक डबा असतो, कन्व्हर्टर. त्याच्या पुढे एक सेन्सर आणि मागे एक. पुढचा इंजिनच्या कॉम्प्युटरला सांगतो, पेट्रोल वाढव, पेट्रोल कमी कर. मागचा फक्त डब्यावर लक्ष ठेवतो. डबा चोंदला की आम्ही तो कापतो आणि सरळ पाइप जोडतो. मग दोन्ही सेन्सर सारखंच बोलायला लागतात, डबा गेल्याचं कॉम्प्युटर ओळखतो आणि समोर पिवळा दिवा लावतो. तो दिवा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत खुपतो. म्हणून आम्ही कॉम्प्युटरमध्ये शिरून मागच्या सेन्सरची तक्रार बंद करतो. करू नये, ठाऊक आहे. सगळेच करतात, हेही ठाऊक आहे.

दाजींच्या गाडीचा डबा कापला तेव्हा मी घाईघाईत दोन्ही सेन्सरच्या तक्रारी बंद केल्या होत्या. म्हटलं, घरचीच गाडी, नंतर बघू. ते नंतर राहूनच गेलं.

"ताई, तुझं का दुखतंय डोकं?"

"ऊन लागलं असेल."

"ऊन कुठलं? काचा लावून एसीत आलात ना?"

विचारता विचारताच माझ्या लक्षात आलं, दोघांचंही डोकं गाडीतच दुखतंय. गाडी चालू करून आकडे बघितले. पुढचा सेन्सर शून्यावर चिकटलेला. मेलेला सेन्सर 'पेट्रोल कमी, पेट्रोल कमी' अशी एकच रट लावतो आणि कॉम्प्युटर बिचारा ओतत राहतो. इंजिन बंद करून गाडी उचलली. मी केलेल्या जोडाला भेग पडली होती, बरोबर ड्रायव्हरच्या सीटखाली. सगळीकडे काजळी. वर गाडीच्या तळाच्या पत्र्यातलं रबरी बूच निखळलेलं. अर्धवट जळलेल्या पेट्रोलचा सगळा विषारी धूर आत, आणि तो आधी डोक्यावर चढतो.

गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं असतं? भेग भरली असती, गाडी विकली गेली असती, दाजी म्हातारे म्हणून घरी बसले असते. ताई सगळ्या नात्यात सांगते, माझ्या भावाच्या हाताला गुण आहे. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"दाजी, तुमच्या वयाचा काही संबंध नाही. हे माझ्यामुळे झालंय." आणि सगळं सांगून टाकलं. "दोघंही आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा. रक्त तपासून घ्या. ही गाडी चालवायची नाही."

ताई मटकन स्टुलावर बसली. "हे म्हणायचे, गाडीत कसलासा वास येतो. मी म्हणायचे, भास होतात तुम्हाला. आठ दिवस दूध आणायलासुद्धा एकटं सोडलं नाही रे मी यांना." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "गाडी मी दुसरीकडे नेणार. टो करून नेईन."

"म्हणजे मी म्हातारा नाही झालो अजून?" दाजींनी विचारलं. हसत होते.

"नाही, दाजी."

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने उगाचच पुसला. "मग कुठे नेऊ नकोस गं. काय बिघडवलंय ते यालाच ठाऊक आहे, हाच करेल." माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नवा डबा बसव. सावकाश कर. घाई नाही."

दोघं रस्त्यापर्यंत चालत गेली. ताईने मागे वळून बघितलं नाही. मी गाडीखाली गेलो. तेवढा पाइप कापायला दहा मिनिटं लागतात. मला तासभर तिथून उठवेना.