सत्यवानाची होडी

लवूने थोरल्या भावाची होडी मागितली, तेव्हा तारकर्लीत सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं. त्याच होडीवरून सत्यवान बुडाला, त्याला वर्षही झालं नव्हतं. शिवाय होडी एक नंबरची द्वाड. अरुंद, आणि तोल सांभाळायला कडेला बांधतात ती लाकडाची उलांडीही हातभर आखूड. सत्यवान सोडून ती कुणाच्या बापाला ऐकली नव्हती.

"आदी हात तयार कर, मगे ती होडी घी," म्हातारा धोंडू तांडेल म्हणाला. "तुजी काय वायट आसा?"

"माजी होडी चूक पोटात घालता, धोंडूकाका. तिच्यार हात कसो तयार होतलो?"

हे काही खोटं नव्हतं. लवूची होडी रुंद, म्हशीसारखी शांत. वल्हं वेडंवाकडं पडलं तरी निमूट चालायची. दहा वर्षं तिने त्याला सांभाळून घेतलं आणि आळशी करून ठेवलं. पण खरं कारण त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

सत्तावन्न सालच्या भाद्रपदात दोघे भाऊ त्या होडीवर होते. खाडीच्या मुखाशी भर दुपारी वारा उलटला, शिडाचा वासा गर्रकन फिरला आणि सत्यवान पाण्यात गेला. पावसात काही दिसेना. डावीकडून हाक आली, "लवू." मग पुन्हा एकदा. पाण्यावर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही, हे तिथलं पोरही जाणतं. पहिल्या दोन बुडालेल्यांच्या असू शकतात, तिसरी जित्या माणसाची. लवू थांबला. तिसरी आली नाही.

गावाला त्याने सांगितलं, हाक आलीच नाही. रिवाज होता हे खरं, पण त्या लाटांत ती होडी वळवायची छातीही त्याला नव्हती. आपण कशाने थांबलो, ते त्याचं त्यालाच कळेना.

तेव्हापासून मुखाशी गेलं की दोन्ही हाका त्याला ऐकू येत. त्याची रुंद होडी वळेपर्यंत सगळं सामसूम होई. एकदा तरी त्या हाकेला वेळेवर पोचायचं, एवढंच त्याला हवं होतं. तेवढ्या झटक्यात वळणारी होडी गावात एकच होती.

शेवंतीवहिनी, सत्यवानाची बायको, "ने," एवढंच म्हणाली.

चैत्रात तो शिकायला लागला. शिकला कसला, पहिले आठ दिवस नुसता आपटला. तीनदा उलटला, गुडघे सोलवटले, काठावर लोकांची करमणूक झाली. ती होडी शिंकसुद्धा माफ करीत नसे. हळूहळू तोल हातातून कमरेत उतरला. लवूला वाटे, आपली चूक व्हायच्या आधीच मागून कुणीतरी वल्हं धरतंय. तो मागे बघत नसे. वहिनी मात्र रोज किनाऱ्यावर उभी असायची.

वैशाखातल्या एका दुपारी मुखाशी हाक आली. "लवू."

या वेळी तो थांबला नाही. अंग उलांडीवर झोकलं, वल्हं दाबलं आणि होडी जागच्या जागी वळली. "इलंय रे," तो म्हणाला. दुसरी हाक अगदी कानाशी आली. त्याने पाण्यात हात घातला. हातात पाणीच आलं.

एका श्वासात झालं होतं वळण. त्या दिवशीही एवढंच लागलं असतं. लवू होडीत बसून लहान मुलासारखा रडला.

काठाला लागला तेव्हा शेवंती गुडघाभर पाण्यात उभी होती. तिने ते वळण पाहिलं होतं. समोर जाळं नाही, मासळी नाही, माणूस असा उगाच वळत नाही.

"त्या दिसा तू हाक आयकललंस," ती म्हणाली.

लवूने मान खाली घातली. "आयकललंय."

"किती?"

"दोन. तिसरेची वाट बघलंय, वयनी. ती इलीच नाय."



"इल्ली," ती म्हणाली. "माका इल्ली. चुलीकडे होतंय, माजा नाव घेवन हाक मारल्यान. माका वाटला ती पयलीच. आणखी दोन येतीत म्हणान मी गप रवलंय."