पोढीवरचे पाहुणे

सुभद्राने पायातली वहाण काढली, दगडावर आपटून तिच्यातला खडा पाडला आणि तिथेच बसकण मारली.

“अजून किती हाय रं?”

“हे काय, आलंच,” पुढे चालणारा तिचा लेक दौलत मागे न बघता म्हणाला.

“बोरिवली सोडल्यापासनं आलंच म्हनतोयस.”

शेवंती पदराआड हसली. तिने डोईवरची दुरडी उतरवली आणि सासूशेजारी टेकली. जानेवारी सरत आला होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सावरी फुलल्या होत्या, पान म्हणून झाडाला नव्हतं, नुसती लाल फुलं. त्यातलं एक टपकन सुभद्राच्या मांडीवर पडलं. ते तिने उचलून सुनेच्या अंबाड्यात खोचलं, तशी शेवंती लाजली आणि नवऱ्याचं लक्ष आहे का ते तिने हळूच पाहून घेतलं.

कान्हेरीची लेणी बघायचा बेत शिवाचा. नायगावच्या बीडीडी चाळीत त्यांच्या शेजारच्याच खोलीत तो राहायचा आणि म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तर होता. वर्षापूर्वी दौलतच्या घराने दीक्षा घेतली. भिंतीवरचे देव उतरले, त्या जागी बुद्धाची तसबीर आली. सुभद्राही तिला रोज हात जोडायची, पण नवीन घरात राहायला आल्यावर माणूस कसा कोपऱ्याकोपऱ्याने वावरतो, तशी. शिवा एकदा म्हणाला, “मावशी, एका रविवारी तुम्हाला आपलं जुनं घर दाखवतो.” गिरणीला सुटी होती. दौलतचा घसा शनिवारच्या कामगार मैदानावरच्या सभेत घोषणा देऊन बसला होता, तरी पहाटे उठून सगळ्यांत आधी तयार झाला तोच.

घोटाळा झाला तो शिदोरीवरून. शेवंतीने भाकऱ्यांबरोबर सुक्या बोंबलांची चटणी बांधली होती. दौलतने दुरडी हुंगली आणि म्हणाला, “भगवानाच्या दारात बोंबील?”

“भगवानानं तुला सपनात येऊन सांगितलं का, बोंबील नको म्हनून?” सुभद्रा म्हणाली.

शिवाला विचारलं तर त्याने बराच वेळ विचार केला आणि दाराबाहेर बसून खाल्लं तर चालेल, असा निकाल दिला. त्याला स्वतःला चटणी फार आवडायची.

वर पोचले तेव्हा दहा वाजले असतील. अख्खा काळा डोंगर माणसांनी आतून कोरून काढला होता. मोठ्या लेण्याच्या ओसरीत दोन्ही भिंतींवर दोन उभे बुद्ध होते, चाळीच्या दोन मजल्यांएवढे उंच. सुभद्राने मान वर केली, तेव्हा तिचा पदर मागे घसरला. तो सावरायचंही तिला सुचलं नाही.

सगळे आत गेले. ती मात्र उंबऱ्याशीच थांबली. कुणी सांगितलं नव्हतं, पायच थांबले. माण तालुक्यातल्या तिच्या गावात देवळाच्या आवाराबाहेर एक लिंबाचं झाड होतं. तिचं दर्शन तिथूनच व्हायचं.

आतून शिवाचा आवाज आला, “मावशी, या ना. इथे कुणी अडवत नाही.”

“वहाना कुठं ठिवू?” तिने विचारलं.

ती आत आली. दगडी खांबांच्या मधून हळूहळू चालत स्तूपापर्यंत गेली आणि त्याच्यावर तळहात टेकवला. दगड गार होता. दौलत काही विचारणार होता. शेवंतीने त्याचा हात दाबला.

तिथून वरच्या अंगाच्या एका लहान लेण्यात गेले, तर शिवाच्या कपाळाला आठी पडली. आतल्या भिंतीवर कुणीतरी कोळशाने हातभर अक्षरांत लिहिलं होतं : ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.’

“बरोबरच लिव्हलंय की,” दौलत बसक्या आवाजात म्हणाला.

“घोषणा आपलीच आहे रे. पण भिंत दीड-दोन हजार वर्षांची आहे. पुसायला हवं.”

“मास्तर, मी ‘झालाच पाहिजे’ पुसायचं? कालच घसा बसलाय माझा त्याच्यासाठी.”

“तू ‘मुंबई’ पूस. ‘झालाच पाहिजे’ मी पुसतो.”

दौलत हसत खांद्यावरचा पंचा काढू लागला. प्यायला आणलेलं पाणी वाटेतच संपलं होतं. शेवंती भाकऱ्या सोडायला बसली, तेव्हा सुभद्राच तांब्या घेऊन निघाली. “खाली वळणावर पोढी आहे,” शिवा म्हणाला. “कातळात खोदलेलं टाकं. पूर्वीचे भिक्खू त्यातलंच पाणी प्यायचे. चांगलं आहे.”

पोढी सापडली. चौकोनी तोंड, आत काळंभोर, स्वच्छ पाणी. सुभद्रा काठावर उकिडवी बसली, तांब्या पुढे धरला आणि बसून राहिली. मग तिच्या लक्षात आलं, की ती कुणीतरी येऊन वरून पाणी घालायची वाट बघत होती. तिला स्वतःचंच हसू आलं. तिने कोपरापर्यंत हात घालून तांब्या बुडवला. बुडबुड असा आवाज झाला. पाणी ओतून तिने तो पुन्हा बुडवला, नुसता आवाज ऐकायला.

“अहो बाई, थोडं पाणी मिळेल का?”

सुभद्राने वळून पाहिलं. पायऱ्यांवर तिच्याच वयाची एक बाई बसली होती. नऊवारी इरकल, कपाळावर काही नाही, चेहरा उन्हाने लालबुंद झालेला. ते वाक्य सुभद्राच्या चांगल्या ओळखीचं होतं. आजवर ते तिच्या तोंडी असायचं, एवढंच.

“गिरगावातून आलो आम्ही,” बाई धापा टाकत सांगू लागली. “आमचा जयवंत आणि सूनबाई गेली पुढे माकडं बघायला. फिरकीचा तांब्याही त्यांच्याचजवळ. म्हटलं, बसते मी. तर घशाला नुसती कोरड पडली.”

सुभद्रा भरलेला तांब्या घेऊन तिच्यापाशी गेली. बाईने ओंजळ पुढे केली आणि सहज विचारलं, “तुम्ही कुठल्या?”

“नायगाव.”

“म्हणजे जवळच्याच की. आणि तुम्ही कोण म्हणायच्या?”

सुभद्राचा हात तिथेच थांबला. बाई तहानलेली होती. नुसतं ‘साताऱ्याकडच्या’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण वर त्या लेण्यात उंबरा ओलांडून अजून तास झाला नव्हता.

“आम्ही बौद्ध,” ती म्हणाली.

हा शब्द चाळीत रोज कानांवर पडायचा. परक्या माणसासमोर तिने तो आज पहिल्यांदा उच्चारला. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा आला.

बाईची ओंजळ मागे गेली नाही आणि पुढेही आली नाही. ती सुभद्राकडे बघत राहिली. मग तिची नजर वर गेली, पायऱ्यांवर, ओळीने कोरलेल्या दारांवर, डोंगराच्या टोकापर्यंत.

“अगंबाई,” ती हळूच म्हणाली. “म्हणजे हे सगळं तुमचंच. आम्ही तुमच्याकडे पाहुणे आलो म्हणायचं.”

त्या बाईला खरं काय ते कळलं होतं, की ब्रह्मदेशाकडचं कुणीतरी भेटलं असं वाटलं होतं, हे सुभद्राला कधीच उमगलं नाही. विचारावंसंही वाटलं नाही. ओंजळीवर धरायला तिने तांब्या उचलला होता. तो तिने खाली आणला.

“ओंजळ कशाला? घ्या, तांब्याच घ्या हातात.”

बाईने तांब्या दोन्ही हातांनी घेतला, मान वर केली आणि घटाघटा प्यायली. अर्धं पाणी हनुवटीवरून चोळीत गेलं. दोघी हसल्या.

“आनखी देऊ?”

“द्या हो. फार गोड आहे.”

तिसऱ्या तांब्याला बाईने तोंड धुतलं, मानेवरून गार हात फिरवला. मग गुडघ्यांची, सुनांची, गिरगावातल्या नळाची अशी थोडी बोलणी झाली. जयवंत हाका मारत आला, तशी ती उठली. जाताना तिने सुभद्राच्या हातावर हात ठेवला आणि “येते हां” म्हणाली.

सुभद्रा वर आली तेव्हा ‘मुंबई’ अर्धी पुसली गेली होती. दौलतच्या नाकाला कोळसा लागला होता. शेवंती भाकऱ्यांवर चटणी वाढत होती, आणि पुसणं सोडून शिवाचं सगळं लक्ष तिकडे होतं.

“आये, किती येळ? आन तांब्या तर रिकामाच हाय.”

सुभद्राने तांब्यात डोकावून पाहिलं. खरंच रिकामा होता.

“पाव्हनं आलं हुतं,” ती म्हणाली आणि पदर खोचून पुन्हा पायऱ्या उतरू लागली.