गेर्डा जाणार म्हणे

"पुढच्या शुक्रवारी पाव तू नको आणूस, सिग्ने आणेल," गेर्डाच्या खिडकीतून दुधाच्या टँकरची किल्ली घेता घेता ड्रायव्हर वेर्नर म्हणाला आणि निघूनही गेला.

गेर्डा तशीच उभी राहिली. डेअरीत शुक्रवारची न्याहारी पाळीपाळीने आणायची, आणि पुढची पाळी तिची होती. पाळीतून सूट दोघांनाच मिळे, आजाऱ्याला आणि नोकरी सोडून चाललेल्याला. गेर्डाला तर साधी सर्दीसुद्धा झाली नव्हती.

एरवी डेअरीत कुठे काय शिजतंय हे साहेबांच्या आधी गेर्डाला कळायचं. ड्रायव्हर खिडकीशी येत, किल्ली नेत आणि बातमी ठेवून जात. नवरा गेल्यापासून घरी बोलायला कोणी नव्हतं, त्यामुळे तिचा सगळा गोतावळा त्या हातभर खिडकीत होता. आणि आज तिच्याचबद्दलची बातमी तिला वगळून सगळीकडे फिरली होती. तिला फार लागलं.

दुपारी ती जेवणघरात शिरली तशी बोलणी थांबली. एकीने उगाच तिचा खांदा थोपटला. दुसरीने विचारलं, आता बागेकडे बघायला वेळ मिळेल, नाही का? गेर्डाची बाग म्हणजे बाल्कनीतल्या दोन कुंड्या. हसावं की रडावं, तिला कळेना.

आपल्याला काढतायत की काय, हे विचारायला शेवटी ती येप्पेसाहेबांकडे गेली. वयाने तिच्या मुलासारखा हा माणूस तिला जरा दबूनच असे. त्याने संगणकात खालीवर पाहिलं आणि वरून असं काही आलेलं नाही, म्हणाला. मग अवघडून पुढे बोलला, "पण तुम्हीच सोडताय ना? मला वाटलं, राजीनामा सवडीने द्याल."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सगळेच म्हणतायत."

संध्याकाळी तिने वेर्नरला फाटकात गाठलं. तो गोंधळला. "अगं, तूच नाही का म्हणालीस, गुडघे बोंबलतात, आता किती दिवस रेटायचं?"

हे तर ती दर हिवाळ्यात म्हणत असे. यंदा वेर्नरने ते मनावर घेतलं आणि काळजीपोटी आणखी एकाला सांगितलं. त्या दुसऱ्याने सिग्नेला सांगितलं, कारण बिचारी हिशेबखात्यात कंटाळली होती आणि गेर्डाची जागा रिकामी होणार होती. कोणी खोटं बोललं नव्हतं. मग चिडायचं तरी कोणावर? रात्रभर गेर्डाला वाटत राहिलं, आपण खरंच जायचं ठरवलं होतं की काय, आणि आपणच विसरलो? या घोळात आठवडा गेला आणि आपण जात नाही हे कोणाला सांगणं राहूनच गेलं.

शुक्रवारी टेबलावर समारंभाला लावतात तो कागदी झेंडा होता, पावांशेजारी केक होता. निरोपाचं गाणंही झालं. सिग्नेचे डोळे भरून आले होते. मग सगळे गेर्डाकडे बघत थांबले, कारण आता तिने चार शब्द बोलायचे होते.

ती उठली. क्षणभर तिला वाटलं, एवढं सगळं केलंय यांनी, आभार मानावेत आणि जावं. "मी कुठेही चाललेले नाही," ती म्हणाली आणि खाली बसली.

कोणी तरी हसलं, मग कोणीच हसलं नाही. वेर्नर कानापर्यंत लाल झाला. सिग्नेने केक कापला, तो सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ला. पुन्हा गैरसमज नको म्हणून येप्पेसाहेबांनी सोमवारी जेवणघराबाहेरच्या सूचनाफळ्यावर कागद लावला: गेर्डा आपल्या जागी कायम आहेत. खाली सही, शिक्का, सगळं रीतसर.

त्या सकाळी ड्रायव्हर आले, किल्ल्या नेल्या, हवा गार आहे एवढंच म्हणाले. वेर्नर मात्र सवयीने खिडकीत कोपर टेकून उभा राहिला.

"कळलं का, त्या चीजखात्यात..." तो म्हणाला आणि थबकला. "नको बाई, पुन्हा घोटाळा नको माझ्याकडून. फळ्यावर लागेलच काय ते."

त्याने किल्ली घेतली. गेर्डा त्याचा टँकर फाटकाबाहेर जाईपर्यंत बघत राहिली.

जेवणाच्या सुटीत ती चष्मा लावून फळ्यासमोर जाऊन उभी राहिली. फळ्यावर तिच्या नावाचा कागद होता, बाकी काहीच नव्हतं.