काचपेटीतलं शून्य

पेठच्या बाजारतळावर मुंगी शिरायला जागा नव्हती. काचेच्या पेटीत पालापाचोळा जळत होता, आत धूर कोंडला होता. शून्यानंद महाराजांनी वरच्या भोकातून चिमूटभर भस्म टाकलं आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच धूर गायब! लोकांनी हात जोडले.

"सरकार म्हणतं, दोन हजार सत्तरला देशाचा कार्बन शून्य करू," महाराज माइकवर घुमले. "आम्ही आत्ताच केला! तुमचा डोंगरउतार तीस वर्षं द्या. तिथं कारखान्यांचा धूर गिळणारं भस्मवन लावू. कारखाने चालू, धूर शून्य!"

उतारावर मग नागली पेरायची नाही, लाकूडफाटाही आणायचा नाही, हे मात्र कागदात बारीक अक्षरांत होतं. महाराज एकेकाचा अंगठा स्वतः धरून उमटवत आणि लगेच सुगंधी रुमालानं आपली बोटं पुसत. आश्रमशाळेत विज्ञान शिकवणारी नाझिया ते बघून गर्दीतून पुढे सरकली. ज्यांची जमीन लाटायची, त्यांच्या हाताचा विटाळ!

त्याच उतारावर नागली पिकवणाऱ्या फुलाबाईचा अंगठा शाईत बुडालासुद्धा होता.

"थांबा, फुलाबाई," नाझियानं तिचं मनगट धरलं.

मागच्या बाजारी हाच खेळ बघून नाझिया तयारीनं आली होती. फुलाबाईच्याच चंचीतला चुना मागून तिनं आदल्या दिवशी त्याची निवळी करून ठेवली होती. ती दोन बशांत ओतली. एक पेटीत सरकवली, एक बाहेर ठेवली. थोड्या वेळानं आतली दुधाळ झाली, बाहेरची तशीच राहिली.

"कार्बनचा वायू निवळीला असा पांढरा करतो. तो दिसत नाही, पण गेलेलाही नाही."

"चुना नासका आहे!" महाराज ओरडले.

"माझा चुना नासका?" फुलाबाई उसळली.

"बरं, पुन्हा धूर करा," नाझिया म्हणाली. "भस्म टाका, फक्त पाय वर घेऊन."

महाराजांनी पाय पेटीच्या टेबलाखाली आणखी आत ओढले.

"घ्या की वर! पायात काटा मोडलाय का?" फुलाबाई म्हणाली. गर्दी हसली.

पाय उचलावाच लागला. या खेपेला मूठभर भस्म पडलं, धूर जागचा हलला नाही. नाझियानं टेबलावरचं कापड ओढलं. खाली पायाचं बटण, बटणापासून तार, पेटीत विजेची जाळी. वीज लागली की काजळी जाळीला चिकटे आणि धूर दिसेनासा होई. भस्म म्हणजे चुलीतली राख.

"राखेनं कार्बन मरत नसतो," नाझिया संतापून म्हणाली. "कोळसा, तेल कमी जाळलं तरच देश शून्याकडे जाईल. ते काम हळू होतं, पण तपासून बघता येतं. जो तपासू देत नाही, त्याला अंगठा देऊ नका."

"यांचा धूर माझ्या नागलीनं गिळायचा व्हय? लय झालं!" म्हणत फुलाबाईनं शाईचा अंगठा महाराजांच्या पांढऱ्याशुभ्र कफनीला खसाखसा पुसला. सुगंधी रुमालानं तो डाग काही निघेना.