येऊन राहिली

खर्र्याची चुरगळलेली पन्नी.

फ्रिजवर चिकटवलेला सिंह. त्याच्या तोंडातून पाणी पडतं, आणि खाली माशाची शेपूट आहे.

उंदरांनी कुरतडलेला पोत्याचा कोपरा.

पुण्याच्या बाईंनी झाकून आणलेली शिऱ्याची वाटी.

"जवळच तं हाय."

एक शिंक.

मित्रांनो, या गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं. मी एक जुना ताणकाटा आहे. वर कडी, खाली आकडा, मध्ये पितळेची पट्टी आणि पट्टीमागे माझी स्प्रिंग. नागपुरात इंदोऱ्याच्या एका गल्लीतल्या मिरची दळायच्या चक्कीत मी छताला टांगलेला असतो. मला वर्षं मोजता येत नाहीत. माझ्या आकड्याला काय लटकलं तेवढंच कळतं. म्हणून माझी गोष्ट तशीच सांगतो.

पोतं

लोखंडाला पीळ देऊन मला घडवलं. ओझं लागलं की ताणायचं, उतरलं की परत जागेवर यायचं, एवढं एकच काम मला शिकवलं. प्रेमानंदभाऊंनी मला तरुणपणी कळमन्याच्या बाजारातून आणलं. भिवापूरच्या मिरचीची पोती मी तोलली. "प्रेमानंदच्या काट्याले डोळे झाकून पोतं लावा," असं लोक म्हणत, तेव्हा माझी पट्टी चमके. त्यांची बायको मायाबाई चक्की चालवायची आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी शिंकायची.

त्यांच्या पिंकीलाही मी तोललं आहे. लुगड्याची झोळी करून भाऊ तिला माझ्या आकड्याला लावत. ती आत खिदळायची आणि माझा काटा ठरेनासा व्हायचा. तसं सुखाचं ओझं मला पुन्हा मिळालं नाही.

बॅग

पिंकी खूप शिकली. पुढचं शिकायला परदेशी जायचं ठरलं. दोन नावं समोर होती, कॅनडा आणि सिंगापूर. भाऊंचे मोठे भाऊ नानाजी रेल्वेतून निवृत्त झालेले. चक्कीत स्टुलावर बसून ते सिंगापूरची वकिली करत होते.

"क्यानडात बर्फ पडते गा प्रेमानंद. पोट्टी तिथंच गोठून जाईन. सिंगापूर कसं, जवळच तं हाय! सकाळी निघाली तं रात्री जेवाले घरी. तिथं भात भेटते. आपल्यावानी सावळी माणसं भेटते. अन् रस्त्यावर थुंकलं का दंड!"

"मंग तुम्ही नका जाऊ, भाऊजी," मायाबाई म्हणाली. "तुमचा खर्रा पाहूनच विमान वापस धाडतीन."

सगळे हसले. नानाजींनी त्या तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची प्लास्टिकची पन्नी चुरगळून माझ्याखाली टाकली. पिंकी मोबाईलकडे बघत बसली होती.

जायच्या आदल्या दिवशी बॅग मला लावली. विमानवाल्यांनी ठरवलेल्या वजनाच्या पुढे काटा गेला. पिंकीने तिखटाचा पुडा बाहेर काढला. मायाबाईने परत आत घातला. पिंकीने पुन्हा काढला.

"आई, तिथं सगळं भेटते वं."

"भिवापुरी भेटते का?"

"तू काहून रडून राहिली? दसऱ्याले येते ना मी. सोबत जाऊ दीक्षाभूमीवर."

पुडा घरीच राहिला. बॅग उतरली आणि मी नेहमीप्रमाणे शून्यावर आलो.

लहान बॅग

त्या दसऱ्याला परीक्षा होती. पुढच्या दसऱ्याला नवी नोकरी होती. प्रत्येक वेळी फोनवर पिंकी म्हणायची, "जवळच तं हाय आई, कवाही येता येते." मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, पण हे गणित मला समजलं. दूर गेलेली मुलं तिकीट वर्षभर आधी काढतात. जवळ गेलेली म्हणतात, केव्हाही येता येतं. मग ते केव्हाही कधी येत नाही.

एका सकाळी पोतं मला लावता लावता प्रेमानंदभाऊ खाली बसले आणि उठले नाहीत. पिंकीला दोन विमानं बदलावी लागली. ती पोचली तेव्हा अंत्यसंस्कार झाले होते. सकाळी निघाली तर रात्री जेवायला, याची नानाजींना कुणी आठवण करून दिली नाही. ते स्टुलावर बसून तोंडात खर्रा नसतानाही जबडा हलवत होते.

तिची बॅग लहान होती. मायाबाईने सवयीने ती माझ्या आकड्याला अडकवली, काटा पाहिला आणि विचारलं, "इतकीच?"

"सुट्टी नाही भेटली, आई."

बॅगेतून तो सिंह निघाला, सिंगापूरची खूण, फ्रिजवर लावायचा. बापाच्या दुखवट्याला मुलीने तो का आणला, हे मला अजून कळलेलं नाही. बहुधा विमानतळावर रिकाम्या हाताने उभं राहवलं नसेल.

पिशवी

त्यानंतर मायाबाई दर हंगामात पिंकीसाठी एक पिशवी भरू लागली. तिखट, जवसाची चटणी, मुंगवड्या. खाली ठेवली तर उंदीर येत, म्हणून ती माझ्या आकड्याला लटकवली. गिऱ्हाइकांना सांगायची, "पिंकी येऊन राहिली."

वरच्या खोलीत गोपिकाताई नावाच्या भाडेकरू होत्या. पुण्याहून नुकत्याच बदलून आलेल्या. त्यांनी हे ऐकलं आणि संध्याकाळी शिरा घेऊन खाली आल्या.

"कुठे आहेत पिंकीताई? झोपल्यात का?"

"कोण झोपलं?"

"अहो, तुम्हीच म्हणालात ना, येऊन राहिली म्हणून!"

आमच्याकडे 'येऊन राहिली' म्हणजे येते आहे. पुण्याच्या कानाला ते 'आली आणि राहिली' असं ऐकू आलं. मायाबाई आधी खूप हसली. मग तिने वाटीवरचं झाकण उचललं, शिऱ्याकडे बघितलं आणि झाकण परत ठेवलं.

"तुमची मराठी चांगली हाय, ताई," ती म्हणाली.

पिशवीतलं तिखट जुनं झालं की मायाबाई ते बदलायची. पिशवी मात्र लटकलेलीच. एक पाऊस गेला, दुसरा गेला. मग पिंकीचा फोन आला. मायाबाईचे हात तिखटाचे होते, म्हणून तिने तो स्पीकरवर ठेवला.

"आई, मले इथं कायमचं राहाचा कागद भेटला. मी इथंच राहून राहिली."

मायाबाईला शिंक आली. तेवढीच. मग म्हणाली, "जेवली का वं?"

काहीच नाही

तिने पिशवी उतरवली आणि नानाजींच्या हाती दिली. नानाजींनी वर पाहिलं. आकडा रिकामा होता आणि माझा काटा शून्यावर न येता बराच पुढे थांबला होता.

"बिघडला काटा," नानाजी म्हणाले. "भंगारात दे."

"राहू द्या, भाऊजी. तेवढं वजन आता राहूनच राहिलं."

आता चक्कीत बटणांचा नवा काटा आला आहे. मला कुणी विचारत नाही. माझ्यावर लाल धूळ बसते.

मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. माझ्यासारख्याला ओझं द्या, कितीही द्या. ते पेलण्यासाठीच आम्हाला घडवलं आहे. पण लटकवून ठेवू नका. यायचं असेल तर या. यायचं नसेल तर तसं सांगा आणि पिशवी उतरवू द्या. 'येऊन राहिली' एवढ्या दोन शब्दांवर कुणाला वर्षानुवर्षं ताणून धरलं, तर ते परत जागेवर येत नाही.

पिंकीला कॅनडालाच जायचं होतं. सिंगापूरचं नाव सगळ्यात आधी मायाबाईने काढलं, जवळ आहे म्हणून.